उलटं विसण

बादलीत कोपर बुडवून ती डोळे मिटायची. आमटीतलं मीठ चाखावं तशी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "हं. झालं जित्याचं पानी." त्यानंतरच मला अंघोळीला बसायची परवानगी.

तुम्ही हसाल, पण तेव्हा आमचं घर चाकांवर होतं. ह्यांचं पुण्यात मोटारदुरुस्तीचं दुकान. लष्करी लिलावातला एक ट्रक घेऊन ह्यांनी त्यावर लाकडी खोली बांधली आणि मागे, पत्र्याच्या आडोशाला, चक्क तांब्याचा बंब बसवला. लोक नव्या बायकोला महाबळेश्वरला नेतात. मला बंबासकट मुळशीच्या तळ्याकाठी आणलं. काळा चष्मा लावून मी पुढे बसायची. गाडीमागे पोरं धावली की वाटायचं, मलाच बघायला धावताहेत. पोरं बघत होती छपरातून धूर सोडणारं धुराडं.

तिथल्या रस्त्याच्या कामावर ह्यांना यंत्रं दुरुस्त करायचं काम मिळालं आणि चार दिवसांची सहल हिवाळाभर लांबली. ही कोपर बुडवणारी मावशी धनगरवाड्यातली, रोज दूध घालायला यायची. तळ्यावरचा वारा सुटला की निखारे फुलायचे, बंबातलं पाणी नुसतं कढायचं. ती निखाऱ्यांवर राख ओढून त्याला ताळ्यावर आणायची. मी घाईची. बादलीत आधी गार पाणी भरून ठेवायची, मग वरून बंबाची तोटी सोडायची. पहिल्यांदा तिनं ते पाहिलं आणि भरली बादली लवंडून दिली.

"त्ये मेलेल्याचं," ती म्हणाली. "आदी कढत घ्यावं, मंग गाराचं विसण. उलटं फकस्त मढ्याला."

मी मॅट्रिक झालेली. आधी काहीही घाला, ऊन पाणी ते ऊनच, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, "तुजं खरं हाय" म्हणाली आणि दुसरी बादलीही लवंडली. वर कळशी माझ्याच हातात देऊन तळ्याकडे बोट दाखवलं.

मग मला चाळाच लागला. तिची चाहूल लागली की मुद्दाम आधी गार भरायचं. ती लवंडायची, मी हसत कळशी घेऊन उतरायची. मोठा विनोद करतेय असं वाटायचं. अक्कल चष्म्याइतकीच काळी.

पुढे मला दिवस गेले. तिनं कळशी माझ्याकडून काढून घेतली, पण माझी खोडी गेली नाही. एका सकाळी मी पुन्हा उलटं विसण केलं आणि तिच्याकडे बघत राहिले. तिनं बादली लवंडली नाही. शेजारी खाली बसली.

"माजी लेक तुज्यावानीच पोटुशी हुती," ती बादलीकडे बघत म्हणाली. "तिचं पानी म्याच केलं. आदी गार, वरनं कढत. ह्याच हातानं."

ती उठली आणि दोन्ही हातांनी बादली लोटून दिली.

"तुजं मला करायचं न्हाई."

त्यानंतर मी एकदाही चुकले नाही. तरी तिचं कोपर बादलीत बुडायचंच.

पुढच्या हिवाळ्यात मुलाला घेऊन गेलो. पाय पसरून, त्यांवर त्याला पालथा घालून ती न्हाऊ घालायची. त्याच्या पाण्याला मात्र दोनदा कोपर लागायचं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती खोकतच दूध घेऊन आली. मग एका सकाळी दूधच आलं नाही. तिचा दीर आला, बंबाकडे बघत म्हणाला, "वैनी गेली. ऊन पानी मिळंल का?"

पाणी मी करते म्हणाले. बादलीत आधी तळ्याचं गार पाणी ओतलं. मग तोटी सोडली. वाफ वर आली. तिच्याच सवयीनं मी कोपर बुडवलं आणि वाड्यातल्या बायका न्यायला आल्या तरी बादली धरून तशीच बसून राहिले.

कुणीच ती लवंडली नाही.