बुजलेल्या विहिरीची पाणीपातळी

मेश्राम मॅडम गेल्याचं मला मंगेशने फोन करून कळवलं. सकाळचे नऊ वाजले असतील, मी गॅलरीत पेपर वाचत होतो. "सर, मॅडम गेल्या," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. त्याला आता दीड महिना झाला. मंगेश हा त्यांचा पीएचडीचा शेवटचा विद्यार्थी. त्याच्यापायी निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बाईंच्या नावाला बट्टा लागला, असं आमच्या कॉलेजात अजूनही बोलतात. बोलणाऱ्यांत बरीच वर्षं मीही होतो, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सुनंदा मेश्राम भूगोल शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. वर्ध्याच्या एकाच कॉलेजात आम्ही सव्वीस वर्षं काढली. त्या रोज पवनारहून बसने यायच्या. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या आणि स्टाफरूमचं दार ओलांडलं की थेट वऱ्हाडीवर यायच्या. मी नियमांचा माणूस, परिपत्रकं पाठ असणारा. त्यावरून त्या मला छळायच्या. "ढोले सर, घरी भाजी आणाची असली तं तुमी तीन दरपत्रकं मागवता का?" असं भर स्टाफरूममध्ये विचारायच्या. मी चिडायचो, आणि चिडलो की त्या आपल्या डब्यातली भाकर मोडून माझ्यासमोर ठेवायच्या.

मंगेशचा विषय होता हिंगणी भागातल्या आठ विहिरींची पाणीपातळी. दर शनिवारी जायचं, विहिरीत टेप सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचं, तक्त्यात लिहायचं आणि त्यावर मार्गदर्शकाची सही घ्यायची. तो एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. शनिवारची सकाळ कधी मोकळी मिळायची, कधी नाही. मॅडमच्या मागे तेव्हा परीक्षांचं काम लागलेलं. सहीसाठी पोराचे हेलपाटे नकोत म्हणून त्यांनी महिना-महिन्याच्या कोऱ्या तक्त्यांवर आधीच सह्या करून ठेवल्या. आम्ही सगळेच हे करायचो. माझ्या किती विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये सही आधी आणि प्रयोग नंतर झाला आहे, ते मी आता मोजत नाही.

प्रबंध सादर झाला आणि महिन्याभरात विद्यापीठात एक निनावी पत्र पोचलं. चारच ओळी. पाचव्या क्रमांकाची विहीर दसऱ्याला बुजवली, तर पुढचे सहा आठवडे तिची पाणीपातळी कोणी आणि कशी मोजली? विद्यापीठाने पत्र कॉलेजकडे ढकललं, कॉलेजने तिघांची चौकशी समिती नेमली, त्यात मी होतो. पहिल्या दोन बैठका पत्र कोणी लिहिलं असेल, यावरच गेल्या. अध्यक्षांनी स्टाफच्या रजेच्या अर्जांची फाइल मागवली आणि आम्ही तीन शिकलेली माणसं भिंग घेऊन 'क्ष'ची वळणं जुळवत बसलो. हिंगणीला जाऊन विहीर बघावी, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी तोडगा मीच काढला. निनावी तक्रारीची दखल घेऊ नये, असं परिपत्रक होतंच. 'प्रकरण दप्तरी दाखल करावे' असा मसुदा लिहिला आणि मोठा तीर मारल्यासारखा स्टाफरूममध्ये नेऊन मॅडमना दाखवला. खरं तर दाखवायचा नसतो.

त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "मी काल हिंगणीले गेलती, सर. विहीर खरंच बुजली हाय. वर एरंड उगवला. पोराले विचारलं, तं रडाले लागला."

"मग तर गप्पच बसा," मी म्हणालो. "पत्रावर नाव नाही. समिती काही करू शकत नाही."

"नावच पायजे ना तुमाले? माह्यं टाका."

माझ्या फायलीतलं पत्र त्यांनी ओढून घेतलं आणि खाली स्वतःचं नाव, हुद्दा, तारीख घालून सही केली. स्वतःच्याच विरुद्ध तक्रार! मी चिडून म्हणालो, "मॅडम, काऊन पायावर धोंडा पाडून घेता? पोराची पदवी जाईल, तुमची मार्गदर्शकाची मान्यता जाईल."

"त्या आकड्यांच्या भरवशावर उद्या कोणी बोअर मारला अन् पाणी नाई लागलं, तं?" मग पत्र माझ्या फायलीत परत ठेवत म्हणाल्या, "अन् कोऱ्या कागदावर सही कोणाची होती, सर? पोराची नाई, माही."

नाव आल्यावर समितीला विहिरीपर्यंत जावंच लागलं. प्रबंध परत आला. बुजलेल्या विहिरीऐवजी जवळचीच दुसरी घेऊन मंगेशला पुन्हा वर्षभर मोजणी करायला सांगितली, कागदोपत्री दुसरे मार्गदर्शक दिले. मॅडमची मान्यता काढून घेतली. तरीही दर शनिवारी त्या त्याच्यासोबत बसने हिंगणीला जाऊ लागल्या. "टेपचं टोक धराले मान्यता लागत नाई," असं शिपायाला सांगताना मी ऐकलं. मला सांगितलं नाही, कारण मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांनी आम्हाला तोंडघशी पाडलं, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आज कबूल करतो, मला लाज वाटत होती आणि ती मी राग म्हणून खपवत होतो.

गेल्या आठवड्यात मंगेश आला. आता तो आष्टीला कायम नोकरीत आहे. येताना त्याने प्रबंधाची एक प्रत आणली. इतक्या वर्षांत मी तो उघडूनही पाहिला नव्हता. शेवटी आठ विहिरींचे तक्ते आहेत, आठवड्याला एक ओळ. प्रत्येक तक्त्यात एकाच तारखेची ओळ कोरी दिसली. खाली छापलंय, 'या दिवशी मोजणी झाली नाही.'

"मागच्या-पुढच्या आकड्यांची सरासरी काढून भर, असं सगळेच म्हणत होते," मंगेश म्हणाला. "मॅडम म्हणाल्या, गेलो नाई तं गेलो नाई म्हणून लिहिजो."

मी तारीख पाहिली. संक्रांतीनंतरचा शनिवार. त्या पहाटे माझी बायको गेली होती...

सात वाजता मॅडम दारात उभ्या होत्या. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेजाऱ्यांकडून चहा करून आणत होत्या, आल्यागेल्याला देत होत्या, माझ्या सुनेला जवळ घेऊन बसत होत्या. नातेवाइकांना आणायला गाडी घेऊन त्यांनी मंगेशलाच पाठवलं होतं, हेही त्याने आत्ता सांगितलं. शनिवार आहे, हिंगणीची बस चुकते आहे, असा एक शब्द त्यांनी काढला नाही. संध्याकाळी माणसं पांगल्यावर त्या कोपऱ्यात रिकामी किटली धरून उभ्या होत्या आणि मी समोरून गेलो.

त्या आठ विहिरी त्या दिवशी कोणी मोजल्या नाहीत. आणि मी त्यांना साधं 'बसा' म्हटलं नव्हतं.