नाला की डबा?

आमच्या कॉलेजच्या लॅबमधले काका कुठलीही बाटली धुण्याआधी हुंगतात आणि ‘हूं’ म्हणतात. मी डॉक्टरेटवाला, मला हुंगायची गरज वाटत नाही. मी बनवलेले कार्बनचे अतिसूक्ष्म कण जांभळ्या दिव्याखाली निळे चमकतात आणि पाण्यात लोह असलं की विझतात. मानपाड्याच्या नाल्याचं पाणी घातलं, विझले! “काका, नाला पकडला!” मी ओरडलो आणि अहवाल लिहायला बसलो.

मी पाणी आणलेला फरसाणाचा पत्र्याचा डबा काकांनी हुंगला. “हूं.” त्यात फिल्टरचं पाणी भरून चहा होईपर्यंत ठेवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. त्यानेही कण विझले. डबा आतून गंजलेला होता.

“सर, नाला पकडलात की डबा?”

दुसऱ्या दिवशी टेबलावर प्लास्टिकची स्वच्छ बाटली होती. काका बघत नाहीत असं पाहून मी ती हुंगली.

“हूं,” मागून आवाज आला.