किटलीसाठी आलेली क्रेन

डिचोलीजवळची ती खाण बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर मालकांनी तिथलं सामान ऑनलाइन लिलावात काढलं. माझे यजमान त्या खाणीवर टाइमकीपर होते. मोबाइलवर फोटो बघता बघता ते एकदम ओरडले, "अगो, ही आमच्या कँटीनची किटली!"

अ‍ॅल्युमिनियमची, पोचे पडलेली, नळी वाकडी. टिप्पर आणि पंपांच्या रांगेत ती एकटीच. यजमानांनी पन्नास रुपयांची बोली लावली. दुसऱ्या कोणी बोली लावलीच नाही. किटली आमची झाली.

मग बिल आलं. किटलीचे पन्नास, हाताळणी आकार पंधराशे, आणि कार्डाने भरायचे तर त्यावर अधिभार. यजमानांनी फोन लावला.

"रोख दिले तर?"

"रोख मोजण्याचा आकार वेगळा आहे, सर," पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली.

"आणि हाताळणी कसली? किटलीला मूठ आसा!"

"प्रत्येक वस्तूला क्रेनचा आकार लागतो, सर."

"सोडून द्या हो," मी म्हटलं. त्यांनी पैसे भरले.

किटली आणायला आम्ही स्कूटरवरून खाणीवर गेलो. शेडमधल्या टेबलावर ती ठेवलेली होती. यजमान उचलायला गेले, तर सुपरवायझर आडवा आला.

"काका, हात लावू नका. क्रेनने चढवल्याशिवाय गेटपास निघत नाही."

"अरे, पण कशाला?"

"तुम्ही पैसे भरलेत ना?"

क्रेन आली. आम्हाला हेल्मेटं दिली. मुठीला पट्टा बांधला, शिट्टी वाजली, आणि किटली उंच जाऊन उन्हात गरगर फिरायला लागली. आधी वैतागलेले यजमान आता खालून जिवाच्या आकांताने ओरडत होते, "सावकाश रे! नळी सांभाळ!" मी स्कूटरच्या मागच्या सीटवर ओंजळ पसरून बसले होते. हसू दाबून पोट दुखायला लागलं. ऑपरेटरने मात्र बाळ ठेवावं तशी ती माझ्या मांडीवर ठेवली.

घरी चिंच लावून घासली. रविवारी यजमानांनी खाणीवरच्या एका जुन्या ड्रायव्हरला मुद्दाम चहाला बोलावलं. त्याने उंडा पाव चहात बुडवता बुडवता किटली निरखली.

"ही आमची न्हय. आमची हिच्या दुप्पट होती. ही साहेबांच्या केबिनातली."

यजमानांनी त्याचा कप पुन्हा काठोकाठ भरला.

"तर मग पी," ते म्हणाले. "तेव्हा साहेबांच्या चहाला कोण विचारत होतं आम्हाला?"