दोन गाडगी पाणी

टोपली खाली ठेवली की ती आधी खाराची चिमूट आपल्या जिभेवर टाकायची, मग दुसरी चिमूट गिऱ्हाईकाच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "आधी चाखून पाय, मंग बोल."

अकोल्यात आमच्या गल्लीत तिला सगळे खारवाली बुढी म्हणत. पापडाचे दिवस आले की ती लोणारहून यायची. तिथल्या तळ्याकाठी पांढरा खार जमतो, तो खरवडून, वाळवून आणायची. माझी आई दुसऱ्या कुणाचा खार घरात घेत नसे. खार घालून पीठ तिंबेपर्यंत बुढी ओट्यावर बसून तळ्याच्या गोष्टी सांगायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या गावात काहीतरी नवलाचं असतं आणि ते जगाला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बुढीचं नवल म्हणजे ते तळं. "आधी वरच्या झऱ्याच्या धारेखाली आंग धुवाचं. मंग देवीचं नाव घेऊन खाली उतराचं, झाडीतून. मोर दिसतेत. खाली पानी हिरवंगार, पन तोंडात घेववत नाही." तिथं जमिनीखाली राक्षस राहायचा, देवानं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं, म्हणून एवढा खड्डा पडला, हेही ती सांगायची. आणि शेवटी, आवाज खाली आणून, विहिरीचं. तळ्याकाठच्या देवळापाशी एकच विहीर आहे, तिचं एका अंगाचं पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचं खारट. तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात.

"सासू कोणती?" मी विचारायचो.

"खारी थे सासू. मी सून व्हती तवापासून चाखून राहिली," म्हणून ती स्वतःच हसायची.

मी तेव्हा कापसाच्या वखारीत नोकरीला लागलो होतो. शाळेत भूगोलाचं पुस्तक तोंडपाठ केलं होतं आणि त्या पुस्तकात अशी विहीर नव्हती. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस बाजारात येईनासा झाला होता, त्यामुळे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते आणि वखारीतल्या आम्हा पोरांची डोकी ठिकाणावर नव्हती. मी भर गल्लीत तिची टर उडवायचो. "बुढे, तुझी विहीर वर्षावर्षाला रंगत चालली!" बायका तोंडाला पदर लावून हसत. ती चिडत नसे. "तू ये एकडाव," म्हणे. मी म्हणे, येतो. पण जातो कशाला?

पुढच्या वर्षी ती आली तेव्हा डोक्यावर टोपली होती आणि दोन्ही हातांत एकेक गाडगं होतं, तोंडाला फडकं बांधून वर माती लिंपलेलं. पूर्वी गाडीवाले तिला बसवून आणत. त्या वर्षी गाड्या कापसानं शिगोशीग भरलेल्या होत्या, माणसाला जागा नव्हती. मेहकर, पातूर, सगळी वाट ती पायी आली होती. पाय सुजले होते. आईनं आधी तिच्या पायांना तेल लावलं.

मी वखारीतून येईपर्यंत ती थांबली. सारी गल्ली गोळा झाली होती. तिनं दोन्ही गाडग्यांची फडकी सोडली आणि माझ्यापुढे ठेवली. "हे सासूचं, हे सुनेचं. आता आधी चाखून पाय."

चांगले दहा-बारा लोक होते. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मला हुशारी दाखवायची होती. मी म्हणालो, "दोन्ही पाणी एकाच आडाचं. एकात हिनं टोपलीतला खार कालवला, झालं!"

केवढा हशा पिकला! आई तेवढी हसली नाही.

बुढी माझ्याकडे पाहत राहिली. "चाखलं काय तू?"

"चाखायचं काय त्यात?"

"मंग बोलला काहून?"

एवढंच म्हणाली. दोन्ही गाडगी उचलली, अंगणाच्या कडेला नेऊन पाणी ओतलं. आईला खार मोजून दिला आणि लंगडत गेली. मला लाज वाटली होती, पण सांगायला जीभ रेटली नाही. पुढच्या पापडाला ती येईल तेव्हा सांगू, असं मी ठरवलं.

ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. लढाई संपली, कापसाचा भाव पडला, गाड्या रिकाम्या फिरू लागल्या. आता गाड्यांत हवी तेवढी जागा होती. अशाच एका गाडीत बसून मी लोणारला गेलो.

तिनं सांगितल्याप्रमाणे धारेखाली अंग धुतलं, झाडीतून उतरलो. मोर दिसले. पाणी हिरवं होतं आणि तोंडात घेववत नव्हतं. ओळखीच्या घरात फिरावं तसा मी वाट न विचारता देवळापर्यंत गेलो. विहिरीपाशी एक बाई खार वाळत घालत होती. मी बुढीची चौकशी केली.

"माह्या सासूबाई त्या. गेल्या हिवाळ्यात सरल्या." तिनं हात पुसले. "तुमी कोनते?"

"अकोल्याचा."

तिचा चेहरा एकदम उजळला. "अकोल्यात त्यायच्या वळखीचा एक पोरगा व्हता, तुमाले ठाव असन. त्याच्यासाठी दोन गाडगे पानी घेऊन गेल्या व्हत्या पायी. रस्त्यात गाडगे फुटले म्हने. मरेस्तोवर हळहळल्या, पोराले चाखवाचं राहून गेलं म्हनून."

मी विहिरीच्या काठाशी जाऊन बसलो.

तिनं विहिरीत लोटा बुडवून आधी इकडचं पाणी दिलं, मग तिकडचं. पहिलं गोड होतं. दुसरं खारट.

"कसं लागलं?" तिनं विचारलं.

मी चाखलं होतं. आता बोलायचं होतं, आणि मला बोलता येईना.