घरून आणलेल्या आठ ओळी

उत्सवाच्या चौकात बाकीस पिरासने शीघ्रकवींच्या सामन्याच्या विषयाची चिठ्ठी उघडली. विषय होता भिंत आणि फाटक. भिंतीची बाजू त्याच्याकडे आली, फाटकाची प्रतिस्पर्धी लिआंद्रु मेली याच्याकडे.

भिंत हा नेहमी येणारा विषय; त्याबद्दल बाकीसकडे आठ ओळी तयार होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेन्सिलीने लिहिलेल्या, मग पाठ केलेल्या. बत्तीस वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या या डोंगराळ गावांत शीघ्रकवी घरून काही आणत नाही. समोरच्याने आठ ओळी गायच्या, त्यातलाच धागा उचलून आपण आठ ओळींत उत्तर द्यायचं. घरून आणलेलं गाताना जो सापडतो, त्याला पुन्हा उत्सवाचं बोलावणं येत नाही.

बाकीस पोस्टमन होता. रोज अकरा किलोमीटर चालायचा, दर दुसऱ्या दाराशी कुणाशी तरी हुज्जत घालायचा. ओळी त्यातूनच यायच्या. मार्चमध्ये तो निवृत्त झाला आणि त्या यायच्या थांबल्या. उन्हाळ्यातल्या दोन उत्सवांत तो अडखळला. आज पहिल्या रांगेत आन्निका बसली होती, शेजारच्या गावच्या उत्सव समितीची प्रमुख. तिच्या गावी तो एकवीस वर्षं गात आला होता. यंदा तिचं बोलावणं अजून आलं नव्हतं. ती आज ऐकून ठरवणार, हे त्याला ठाऊक होतं.

पहिल्या दोन फेऱ्या कशाबशा निभावल्या. तिसऱ्या फेरीत लिआंद्रुने गायलं, की तुमच्या भिंतीपलीकडे ओढा वाहतोय आणि अलीकडे मेंढरं तहानेने मरतायत.

बाकीसला काहीच सुचेना. मागे उभ्या असलेल्या तिघा साथीदारांनी त्याला वेळ मिळावा म्हणून सूर लांबवला. मग आणखी लांबवला. शेवटी त्यांचाही दम संपला.

त्याने घरच्या आठ ओळी गायल्या.

ओळी देखण्या होत्या. आजोबांचे हात, चुन्याशिवाय एकमेकांना धरून राहिलेले दगड, त्यांवरचं शेवाळ. मेंढरांबद्दल मात्र एक शब्द नव्हता.

टाळी पडली नाही. मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "अरे पोस्टमन, हे पत्र दुसऱ्याच घरचं दिसतंय."

लोक हसले. आन्निका हसली नाही. तिने पायाशी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

लिआंद्रु उभा राहिला. चौतीस वर्षांचा, गॅरेजमध्ये काम करणारा पोरगा. आता एका फेरीत तो बाकीसला कायमचा घरी बसवू शकला असता. त्याने सावकाश सुरुवात केली. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या:

"भिंत सुरेख आहे, काका, पण दगड आधीच तासलेले.
एवढंच सांगा, तुम्ही आत आहात की बाहेर?"

बाकीसने खुर्चीची पाठ घट्ट धरली. खोटं बोलायला अजून वाव होता. पण प्रश्न समोर उभा होता आणि त्याला एकच उत्तर सुचत होतं.

"आत आहे रे, मार्चपासून आतच आहे," त्याने गायलं. आवाज फाटत होता. "बसल्या बसल्या दगड तासतोय, पायांना काम नाही." मग मेंढरं आली, तहान आली. यमक एकदा घसरलं. शेवटची ओळ होती, "फाटक तुझ्याकडे आहे, लिआंद्रु, ढकल."

भिंतीची बाजू त्याने सोडून दिली होती. साथीदारांनी लगेच सूर धरला.

"हे आजचं," मागचा म्हातारा म्हणाला. मग टाळ्या आल्या.

सामना आणखी तासभर चालला. बाकीस मधूनमधून अडखळलाच. नंतर दोघे मेंढीच्या दुधाच्या, कातळासारख्या कडक चीजसमोर बसले.

"मला दुसऱ्या ओळीलाच कळलं होतं," लिआंद्रु म्हणाला.

"मग सरळ उघडं पाडायचंस."

"पाडलं की, अख्ख्या गावासमोर. पण तुम्ही उठून गेला असता तर पुढचा तास मी एकट्याने काय गायचं होतं?"

आन्निका आली. ती बसली नाही.

"दोन्ही उत्सवांत ऐकलं तुम्हाला. वाईट होतात."

"होतो."

"आजही निम्मा वेळ वाईटच. आठ सप्टेंबरला आमच्याकडे या. पण समोर हा असेल तरच. दुसऱ्या कुणासमोर तुमचं नाव मी घालणार नाही."

ती निघून गेली. लिआंद्रु मान खाली घालून चीज कापत राहिला. आपल्यासमोर उभा राहा म्हणून बाकीसने आजवर कुणाला विनवलं नव्हतं.

"येशील का?"

"गॅरेजात सांगावं लागेल." त्याने चीजचा तुकडा सुरीच्या टोकावर पुढे केला. "येतो. पण सुरुवात मी करणार. तुम्ही फक्त उत्तर द्यायचं."