ट्यूनिंग चोरीला गेली

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी अशी माझी इच्छाही नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या नाहीत. साठी ओलांडलेल्या एका माणसाचे दोन वर्षांचे कष्ट दुसऱ्याने हसत हसत पळवले, आणि तो तक्रार घेऊन आला तेव्हा आमचं अख्खं पोलीस स्टेशन हसलं. त्या हसण्याची मला आजही चीड येते, कारण त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मी तेव्हा रोह्याला होतो. मंगळवारची सकाळ. हजेरी नुकतीच संपली होती, ठाणे अंमलदार असलेला हवालदार डायरीत नोंद करत होता. जवळच्या वरशाहून एक जोडपं आलं. गृहस्थ एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले फिटर. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी छोटा स्क्रू ड्रायव्हर. त्यांना आपण फिटरकाका म्हणू.

"साहेब, माझ्या गाडीचा कार्ब्युरेटर बदललाय."

"गाडी कुठे आहे?"

"भायर उभी हाय."

"चालते?"

"चालते. पण माझी नाय वाटत."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "काका, लग्नाच्या हॉलमधनं चपला बदलल्याची तक्रार आम्ही घेतो. कार्ब्युरेटर बदलल्याची कुठल्या रजिस्टरला घेऊ?"

इथेच ते हसणं झालं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या धरमतरकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. आवाज खणखणीत.

"साहेब, घरात भाजी करपली तरी यांना वास येत नाय. मी दोन दिस बोलले नाय तरी यांना कळत नाय. पण इंजिन जरा खोकलं का जेवणावरनं उठतात. हे म्हणतात बदललाय, म्हणजे बदललाय."

मी बाहेर जाऊन गाडी पाहिली. साठेक वर्षांपूर्वीची, छोटी, चार सिलिंडरची, गोल दिव्यांची. कंपनीतल्या एका इंजिनिअरने गाव सोडताना ती काकांना तशीच देऊन टाकली होती, कारण ती बंद होती आणि ओढून न्यायला कोणी तयार नव्हतं. काकांनी दोन वर्षं तिच्या इंजिनावर घालवली. हाती पेन्शन तुटपुंजी, त्यामुळे विकत आणायचं ते शेवटी आणि जमवायचं ते आधी, हा नियम. व्हॉल्व्हचं अंतर मोजायचं गेज नव्हतं, म्हणून दाढीची पाती एकावर एक ठेवून अंतर लावलं. ठिणगीची वेळ जुळवायला एक बल्ब आणि दोन वायरी. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं ते भांडं. त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, झिजून मोठं झालं होतं. काकांनी ते कथिलाचा डाग देऊन बुजवलं आणि तारेएवढ्या ड्रिलने पुन्हा पाडलं. चुकलं की पुन्हा बुजवायचं. असं किती वेळा, ते त्यांनाही आठवत नव्हतं. शेवटी चालू इंजिनावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली तर थेंब सांडेना.

येत्या सोमवारी पेणला आरटीओत गाडीची तपासणी होती, नोंदणी वाढवून घेण्यासाठी. आधी दोनदा धुरावर नापास झाली होती. या वेळीही धूर दिसला तर पुढची तारीख मागू नका, भंगारात काढा, असं निरीक्षकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि आता गाडी धूर सोडत होती.

"मधे कोणाच्या हातात दिली होती?" मी विचारलं.

काका काकूंकडे बघू लागले. काकूंनीच सांगितलं. पेणच्या बाजूला एक बंगला आहे. मालक शहरातले, जुन्या गाड्यांचे शौकीन, सुट्टीला येतात. काकांची अगदी जुळी वाटावी अशी गाडी त्यांच्याकडेही होती, पण ती धड चालत नव्हती. ते वरशाला आले, इंजिनाचा आवाज ऐकून टाळ्या वाजवल्या, कार्ब्युरेटर विकत मागितला. काका नाही म्हणाले. मग बंगलेवाले गोड बोलले. दोन दिवस गाडी द्या, माझ्या मेकॅनिकला बघू दे, तुमच्यासारख्या उस्तादाकडून शिकेल तरी.

"उस्ताद म्हटलं ना," काकू म्हणाल्या, "लगेच चावी काढून दिली."

मी बंगलेवाल्यांना फोन केला. दुपारी ते आले, पांढरे बूट घालून. मी त्यांना चहा मागवला. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण खरं आहे ते लिहायला हवं. सकाळपासून बाकावर बसलेल्या जोडप्याला मी पाणी विचारलं नव्हतं.

"इन्स्पेक्टर, हे कार्ब्युरेटर सगळे सारखेच असतात," ते म्हणाले. "त्यावर नंबर नसतो, नाव नसतं. गृहस्थ वयस्कर आहेत, भ्रम झाला असेल. मी समजू शकतो."

समजू शकतो म्हणाले आणि जाताना बदनामी केल्याचा अर्ज देऊन गेले. मी काय केलं? काकांच्या अर्जावर चौकशीचा शेरा मारला आणि त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पुरावा नाही, अर्ज मागे घ्या, म्हातारपणी कोर्टाचे हेलपाटे कशाला. काका मान हलवून निघाले. काकू दारात थांबून म्हणाल्या, "तुमच्या जीपमधला बदलला असता तर तुम्ही मागे घेतला असता का, साहेब?"

बुधवारी सकाळी हवालदार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. त्याचा मेहुणा पेणजवळ जोह्याच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो. हात इतका स्थिर की बंगलेवाल्यांनी त्याला आपल्या गाडीच्या अंगावर बारीक सोनेरी रेघ काढायला बोलावलं होतं. रविवारी शहरात जुन्या गाड्यांचा मेळा होता, तिथे ती मिरवायची होती.

मेहुण्याला फोन लावला. "भावजी, म्हंजे साहेब," तो गडबडला, "मी रेघ मारत होतो. शेजारी तशीच दुसरी गाडी उभी होती. मेकॅनिकने हिच्यातला कार्ब्युरेटर काढून तिच्यात घातला, तिच्यातला हिच्यात. मला वाटलं दोन्ही त्यांच्याच. आधी त्यांची गाडी एवढी थरथरायची का मला ब्रश टेकवता येईना. नंतर इंजिन चालू ठेवून रेघ मारली मी."

साक्षीदार मिळाला. पण एका कारागिराच्या शब्दाविरुद्ध वकिलांची फौज उभी राहणार हे मला कळत होतं. वस्तू ओळखू येईल अशी खूण हवी होती. मी फिटरकाकांना बोलावून घेतलं, आणि नोकरीतली सगळ्यात लांबलेली चौकशी मी त्या दिवशी फिर्यादीची केली.

"काही खूण आहे?"

"नाय साहेब."

"आत, बाहेर, एखादा ओरखडा?"

"नाय."

"जेटला डाग दिलाय म्हणालात. तो दाखवता येईल?"

"डाग कोणीपण देतं साहेब."

मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. काका बोटं मोडत होते, नजर जमिनीला. वीस-पंचवीस वर्षं माणसं तपासल्यावर एक गोष्ट कळते. खोटं बोलणारा डोळ्यात बघून बोलतो. काहीतरी लपवणारा जमिनीकडे बघतो. हा माणूस माझ्यापासून पुरावा लपवत होता.

अखेर काकूंचा संयम सुटला. "सांगा आता. नायतर मी सांगते."

"तू गप गो."

"साहेब, आतलं गॅस्केट यांनी कंपनीच्या हजेरी कार्डाचं कापलंय."

काकांनी माझ्यापुढे हात जोडले. कार्ब्युरेटरचं झाकण आणि भांडं यांच्यामध्ये एक जाड कागदी चकती लागते, पेट्रोल गळू नये म्हणून. तयार मिळेना. पुठ्ठा फुगायचा. हजेरीचं कार्ड बरोबर त्या जाडीचं निघालं. त्यातून आकार कापला, दोन्ही बाजूंनी साबण चोळला आणि बसवला.

"निवृत्तीच्या दिवशी कार्ड जमा करायचं असतं साहेब," काका म्हणाले. "मी हरवलं म्हणून लिहून दिलं होतं. आठवण म्हणून ठेवलं घरी. ही कंपनीची चोरीच झाली ना? तुम्ही उघडलंत तर माझ्यावरच केस."

मला हसूही येईना आणि रागही आवरेना. कुणावरच्या रागाने पेटलो होतो, ते मी तेव्हा नीट सांगू शकलो नसतो.

गुन्हा नोंद केला. गुरुवारी पेण पोलीस स्टेशनला कळवून, दोन पंच घेऊन बंगल्यावर गेलो. बंगलेवाल्यांच्या गाडीचं इंजिन चालू करायला लावलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "माझं हाय."

"आवाजाचा पंचनामा करणार का?" बंगलेवाले हसले.

"नाही. झाकण उघडणार."

त्यांचं हसू गेलं. "उघडू नका. सेटिंग जाईल. मोठ्या मुश्किलीने जमलंय ते."

"कोणाला जमलंय?"

आणि मग मला सगळी गंमत कळली. चोराने ते भांडं एकदाही उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर कार्ड दिसलं असतं आणि दोन मिनिटांत फेकता आलं असतं. पण त्याने चोरली होती ती ट्यूनिंग, काकांनी लावलेली जुळणी. तिला हात लावायची त्याच्या मेकॅनिकची छाती झाली नव्हती. दहा नवे कार्ब्युरेटर घेण्याची ऐपत असलेल्या माणसाला एका फिटरचा कान आणि दोन वर्षं फुकट हवी होती.

पण उघडायला काकांचाही हात धजेना. जुनं गॅस्केट पुराव्यात जाणार, नव्याची जाडी केसभर वेगळी असली तरी आत पेट्रोलची पातळी बदलणार, आणि तपासणीला चार दिवस. काकांनी खिशाचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्वतःच स्क्रू सैल केले.

झाकण उचललं. चकतीच्या खालच्या बाजूला, पेट्रोलने पिवळ्या पडलेल्या कागदावर, छापील रकाने होते. आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. टोकन नंबरचे तीन आकडे आणि काकांच्या आडनावाची अर्धी अक्षरं. पंचांनी वाचून दाखवली. मी लिहून घेतली. बंगलेवाले म्हणाले, "एका भंगार तुकड्यासाठी एवढा तमाशा?" मी तोही शब्द पंचनाम्यात घेतला.

वस्तू मुद्देमालात जमा झाली. आता कायद्याप्रमाणे ती निकाल लागेपर्यंत आमच्या खोलीत धूळ खात पडणार, आणि गाडी सोमवारी भंगारात. शुक्रवारी मी स्वतः कोर्टात उभा राहिलो. कार्ड आणि फोटो पुराव्यात राहू द्या, भांडं फिर्यादीला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायची लेखी हमी घेऊन, द्या, अशी विनंती केली. ती मान्य झाली.

शनिवार-रविवार काका अंगणात इंजिनात डोकं घालून नवं गॅस्केट जुळवत होते. हवालदार रजा टाकून वरशाला गेला, टॉर्च धरायला. त्याने मला सांगितलं की काकूंनी त्याला दोन्ही दिवस जेवू घातलं आणि दोन्ही दिवस चपलांच्या तक्रारीबद्दल विचारलं.

सोमवारी मी पेणला गेलो, साध्या कपड्यांत. निरीक्षकांनी गाडी चालू करायला सांगितली. मागच्या नळीपाशी पांढरा रुमाल धरला, काढला, उलटून पाहिला आणि परत खिशात ठेवला. मग कागदावर सही केली. काकू पुढच्या सीटवर बसल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, "चला आता, किती वेळ उभं करायचं माणसांना?"

बंगलेवाल्यांनी पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. कंपनीने हजेरी कार्डाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

लोक मला विचारतात, या केसने काय शिकवलं. पुरावा शोधायला शिकवलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण पुरावा त्या माणसाच्या पोटात पहिल्या दिवसापासून होता, आणि त्याने तो मला सांगितला नाही, कारण तो मला घाबरत होता. ज्याने चोरी केली होती, तो माझ्यासमोर पाय पसरून बसला होता. पोलिसाची भीती कुणाला वाटायला हवी आणि कुणाला वाटते, याचा हिशेब माझ्या टेबलावर दोन दिवस उलटा पडून होता. तो उलटा ठेवणारा दुसरा कोणी नव्हता.