रिकामा मिक्सर

लेक रडायची थांबली, तिथून मला संशय यायला लागला.

त्याआधी रोज सकाळी आमच्या दारात तमाशा असायचा. मी नरडाण्याच्या एका तेलाच्या कारखान्यात केमिस्ट. पिंप्राळ्याहून रिक्षाने स्टेशन, पुढे गाडी. निघताना लेक पायाला मिठी मारायची, ओढणी धरून ठेवायची, फाटकापर्यंत ओरडत यायची. सासूबाई तिला ओढून आत न्यायच्या. त्यांना आख्खी गल्ली अक्का म्हणते, मीही. गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून मी डोळे पुसायचे. आणि एका सोमवारी लेक दारात सरळ उभी राहिली, हात हलवला आणि म्हणाली, "टाटा, मम्मी." दुसऱ्या दिवशीही तेच.

नवरा म्हणाला, "मोठी झाली ती. तुला बरं वाटायला नको का?" तो बोदवडला नोकरीला, माझ्या आधीच घराबाहेर पडणारा. त्याला काय कळणार? सात वर्षांची पोर शनिवारपर्यंत लहान आणि सोमवारी मोठी? कारखान्यात टँकर कितीही ओळखीच्या माणसाचा असो, नमुना तपासल्याशिवाय मी तेल उतरवू देत नाही. घरी तरी का सोडू?

पहिला संशय मोबाइलवर. पण अक्कांचा फोन साधा, बटणांचा. मग चॉकलेटवर. सुट्टीच्या दिवशी अक्का दुपारच्या झोपेत असताना त्यांच्या कपाटात साड्यांच्या घड्यांखाली हात घालून पाहिलं. डांबराच्या गोळ्या आणि सुपारी निघाली. लेकीला आडून विचारलं, "मी गेल्यावर आजी तुला काही देते का गं?"

"नाही."

फार पटकन आलं ते नाही.

खरा धागा दिला समोरच्या वहिनींनी. गल्लीत कोणाकडे काय शिजतं हे त्यांना वासावरून कळतं आणि त्यांच्याकडून मला. एका रविवारी कपडे वाळत घालताना त्या म्हणाल्या, "तुम्ही गेल्या की अक्का रोज मिक्सर लावतात. चांगला वेळ चालतो. काय करता हो एवढं?"

मी हसून वेळ मारून नेली. पण अक्का मिक्सरला हात लावत नाहीत. चटणी खलबत्त्यातच. "मिक्सरनी चटनीले चव नही ऱ्हास," हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात सुनावलेलं. मग रोज दळतात काय?

भांडं काढून हुंगलं. बोट फिरवून चाटलं. कोरडं ठणठणीत. डोक्यात नको नको ते यायला लागलं. अक्कांच्या माहेरी, शिंदखेड्याकडे, रडक्या पोरांना कसली तरी मुळी देणारा एक म्हातारा होता, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. पोर उगाच शांत होत नाही. ठरवलं, तसं काही निघालं तर दुसऱ्या दिवशी राजीनामा. प्रयोगशाळेची मुख्य व्हायची माझी पाळी आली होती. ती गेली खड्ड्यात. आणि याहून वाईट भीती दुसरीच होती. मुळीबिळी काही नसेल, पोरीला माझी गरजच उरली नसेल तर?

दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी निघाले, रिक्षा कोपऱ्यावर सोडली आणि चपला हातात घेऊन मागच्या बोळातून परत आले. खांद्याला कामाची बॅग, हातात डबा, आणि पाळत आपल्याच घरावर. स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोचते तोच मिक्सर सुरू झाला.

भांड्यात काही नव्हतं. अक्कांचा एक हात झाकणावर होता. दुसऱ्या हाताने त्यांनी लेकीला पोटाशी धरलं होतं आणि लेक तोंड वासून, अंगभर हुंदके देत रडत होती. ऐकू येत होता फक्त मिक्सर.

अक्कांनी बटण बंद केलं आणि सगळं रडून झालं का ते विचारलं. "व्हयनं का बठ्ठं?"

लेकीने मान हलवली. नाही. मिक्सर परत सुरू झाला.

दुसऱ्यांदा बंद झाला तेव्हा अक्का पदराने तिचं तोंड पुसत होत्या. "समोरनीले काहीच ऐकू नही गयं. डोया पुसी ले."

"आजी, मम्मीला सांगू नको हं. ती गाडीत रडते."

"नही सांगसू. तिले कामले जानं शे."

गाडीतलं मी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. तेव्हा तिचे कान तिथेच असणार.

आत घुसून तिला उचलावं असं वाटलं. अक्कांचा रागही आला, माझ्या वाटचं रडणं परस्पर आपल्याकडे ठेवून घेतलं म्हणून. आणि आनंद झाला, लाज वाटावी इतका, की पोर अजून माझ्यासाठी रडते. पण आत गेले असते तर तिने इतके दिवस दारात ओठ आवळून केलेला टाटा वाया गेला असता. मी बोळातून परत फिरले. गाडी चुकली होती. एसटीने गेले आणि उशिराची बोलणी खाल्ली.

घरी हे कोणाला सांगितलं नाही. वहिनींना सांगितलं, अक्कांना चावता येत नाही, त्यांच्यासाठी काहीबाही बारीक करतात. त्यांचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

पुढच्या रविवारी अक्का विहारात गेल्या होत्या. नवरा अंघोळीला, लेक बाहेरच्या खोलीत चित्रं काढत बसलेली. मी भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखट मिक्सरमध्ये टाकलं आणि बटण दाबलं.

लेक हातातला खडू घेऊनच धावत आली. दारात थांबली. मी टँकरच्या नमुन्याकडे बघते तशी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग जवळ येऊन तिने माझ्या कंबरेला हात घातले आणि मिक्सरच्या वरताण ओरडून विचारलं, "मम्मी, तू पण?"

शेंगदाण्यांना तेल सुटलं, तरी मी बटण बंद केलं नाही.